पातळ म्हणजे कमी की जास्त?

मी एक जुनी मोटारसायकल आहे. जुनी म्हणजे नुसती वयाने नव्हे. माझे इंजिन एकदा फुटले आहे, टाकीवर हातोड्याच्या सात खुणा आहेत आणि पुढचा दिवा दुसऱ्याच गाडीचा असल्यामुळे तो जरा डावीकडे बघतो. मित्रांनो, या अवतारात चार लोकांत उभे राहायची मला लाज वाटत नाही. लाज मला एकाच गोष्टीची वाटते आणि तीच आज तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलावर जाड चष्म्याच्या एक बाई बसत. त्यांनी माझ्या सीटखालच्या काळ्या पेटीत एक तक्ता भरला. माझ्या आजीच्या पिढीतल्या गाड्या अंदाजपंचे पेट्रोल प्यायच्या. माझे तसे नाही. इतकी हवा आत आली की इतके थेंब पेट्रोल, असे त्या तक्त्यात लिहिलेले असते आणि इंजेक्टर नावाची एक बारीक पिचकारी तेवढेच थेंब उडवते. तो तक्ता मला पाढ्यांसारखा पाठ होता. मात्र तो माझ्याच सायलेन्सरच्या मापाने लिहिलेला होता. एवढे ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे रामायण त्यावरून घडले.

मला घरी आणले ते ताईने. ती स्वतः मेकॅनिक. पुढे पत्र्याची शेड, तिच्यात दोन गाड्या मावतील एवढे गॅरेज आणि मागे दोन खोल्या, असा तिचा संसार. तिचा हात असा की नुसत्या आवाजावरून ती गाडीचे दुखणे ओळखे. पण राग कायम नाकावर. पाना निसटला की पाना भिंतीवर जाई. त्या भिंतीला इतके पोचे पडले होते की नवीन गिऱ्हाइकाला ती नक्षी वाटायची. तीन कामगार टिकले नाहीत. नवरा आठ महिने टिकला आणि जाताना घाईत चपलासुद्धा विसरून गेला.

टिकला तो एकटा तिचा धाकटा भाऊ. एकतीस वर्षांचा, मिशा राखलेला, तरी सगळे त्याला छोट्याच म्हणत. आईवडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि ताई सोळाची. तिने त्याला लहानाचा मोठा केला. बारा वर्षे त्याने एका खानावळीत स्वयंपाक केला, ती बंद पडली तेव्हा तो ताईच्या हाताखाली आला. बोलणे हळू, चालणे हळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ताई ओरडली की तो चहा टाकी. जगात ताईचे म्हणावे असे ते एकच माणूस होते. हे तिला ठाऊक होते आणि तरीही तिची जीभ सर्वांत जास्त त्याच्यावरच चाले.

मला मात्र तिने फुलासारखे जपले. दर रविवारी आंघोळ, वेळेवर तेल, साखळीला ग्रीस. वर्षातून एकदा गावाबाहेरच्या टेकडीवर चढणीची शर्यत असे. तिच्यात मी दोनदा पहिली आले. लोक माझी पाठ थोपटत, म्हणजे सीट थोपटत. ते माझे सुखाचे दिवस होते.

तिसऱ्या वर्षी आम्ही हरलो, तेही अर्ध्या सेकंदाने. हरण्याचे काही नाही, पण जिंकलेला ट्रक ड्रायव्हर सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "बाई, गाडी आणलीत की शिलाई मशीन? आवाजच नाही हो तिला!"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने हेल्मेट डोक्यावरून काढले आणि त्याच हेल्मेटने त्याच्या तोंडावर हाणले. त्याचा पुढचा दात माझ्या मडगार्डवर टपकन पडला. मग त्याच्या मित्रांनी तिला धरले, ती एकाला चावली, दुसऱ्याच्या पोटात तिने गुडघा घातला. छोट्या मध्ये पडला तर दोन्हीकडचा मार त्यालाच बसला. घरी परतताना त्याचा ओठ सुजलेला आणि तिचा सदरा फाटलेला. वाटेत ती एकच वाक्य बोलली. "आता हिला आवाज देते."

दुसऱ्या दिवशी माझा सायलेन्सर उतरवायला घेतला. मित्रांनो, इतकी वर्षे तापून त्याचे नट गंजले होते. थोडे तेल सोडून तासभर वाट पाहिली असती तर ते मुकाट सुटले असते. ताईने छिन्नी लावली आणि वर घण घातला. तीन घाव बसले, चौथ्याला माझ्या इंजिनातला खिळा मुळापासून तुटला. मला ओरडता आले असते तर पत्रे उडाले असते. तुटलेला तुकडा तिने ड्रिलने कोरून काढला, त्याचा कीस दिवसभर माझ्या अंगावर गरम गरम उडत होता. मग बाजारातून आणलेली नवी नळी बसली. चकचकीत, आखूड, आतून जवळजवळ पोकळ. ताईने किल्ली फिरवली आणि समोरच्या घराच्या काचा थरथरल्या.

छोट्या कानावर हात ठेवून म्हणाला, "ताई, शेजारच्या आजोबांना बरं नाहीये."

"मग त्यांना सांग, बरे व्हा!"

आता माझी पंचाईत ऐका. नव्या नळीतून धूर भसाभसा बाहेर पडू लागला, त्यामुळे आत हवाही जास्त येऊ लागली. पण पेटीतला तक्ता जुनाच. हवा वाढली, थेंब तेवढेच. मी उपाशीपोटी धावू लागले. वेग कमी केला की नळीच्या तोंडातून धडाधड बार निघत आणि निळी ज्योत वीतभर बाहेर येई. रस्त्यावरची कुत्री पळत, सायकलवाले पडता पडता वाचत. ताईला ते भारी आवडे. एका बाराने मागच्या रिक्षाचा पडदा पेटला, तेव्हा रिक्षावाल्याने आणि तिने भर चौकात एकमेकांचा गळा धरला. मी आतून भाजत होते. माझा भडका म्हणजे दुखणे आहे हे त्या आवाजवेडीला कोण सांगणार!

ते तिला मास्तरांनी सांगितले. मास्तर म्हणजे गाड्यांचे पेट्रोल जुळवणारे म्हातारे कारागीर. त्यांच्या खोलीत जमिनीत एक मोठा रोलर होता. गाडीचे मागचे चाक त्यावर चढवायचे, गाडी पट्ट्यांनी घट्ट बांधायची, म्हणजे ती जागच्या जागी शंभरच्या वेगाने धावते. माझ्या हँडलवर त्यांनी एक गोल घड्याळ बसवले. धुरात हवा किती आणि पेट्रोल किती ते त्यात दिसे. पेटीला लॅपटॉप जोडला. एकाने गाडीवर बसून घड्याळ वाचायचे, दुसऱ्याने लॅपटॉपवर तक्ता दुरुस्त करायचा. बाणाची वरची कळ दाबली की पेट्रोल वाढते, खालची दाबली की घटते.

"पेट्रोल कमी पडलं की मिश्रण पातळ झालं असं आम्ही म्हणतो," मास्तरांनी ताईला सांगितले. "जास्त झालं की घट्ट. पातळ मिश्रण फार वाईट, पिस्टन वितळवतं. मी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येतो. तोवर निम्म्यापेक्षा जास्त पिळायचं नाही."

हे बोलणे झाले तेव्हा छोट्या बाहेर उरलेल्या पट्ट्यांचा गुंता सोडवत होता. तो आत आल्यावर ताईने त्याला लॅपटॉपपुढे बसवले आणि घाईघाईने सांगितले, "मी पातळ म्हटलं की पातळपणा घालवायचा. घट्ट म्हटलं की घट्टपणा घालवायचा. कळलं?"

"कळलं," छोट्या म्हणाला. आणि मित्रांनो, त्याला खरेच कळले होते. बारा वर्षे ज्याने सूप केले त्याला पातळ म्हणजे काय ते तुम्ही आम्ही काय शिकवणार!

पुढच्या वर्षीची शर्यत चार दिवसांवर आली होती. ताईला दम निघत नव्हता. तिने मला निम्म्यावर नेले, मग पाऊण, मग मूठ पार पिळली. बंद खोलीत त्या नळीचा आवाज असा घुमला की भिंतीवरचे कॅलेंडर खाली पडले. ताईने घड्याळ पाहिले आणि ओरडली, "पातळ!"

छोट्याने विचार केला. पातळ म्हणजे पातळ पदार्थ जास्त झाला. इथे पातळ पदार्थ एकच, पेट्रोल. त्याने खालची कळ दाबली.

माझ्या पोटातले थेंब आणखी कमी झाले.

"अजून पातळ!"

त्याने आणखी दाबली. घड्याळाचा काटा उलटाच पळू लागला. तो जितका पळे तितकी ताई चवताळे आणि ती जितकी चवताळे तितका छोट्या बिचारा माझे पेट्रोल तोडे. दोघेही मन लावून काम करत होते आणि दोघे मिळून मला मारत होते.

छोट्याला शंका आली. त्याने हात वर केला. "ताई, पेट्रोल कमीच करायचं ना?" माझ्या आवाजात त्याचे ओठ तेवढे हलले. तो आणखी दोनदा ओरडला. ताईने मांडीजवळचा पाना उचलला आणि त्याच्या दिशेने भिरकावला. लॅपटॉपच्या कडेचा तुकडा उडाला. "माझ्याकडे काय बघतोस? पातळ आहे! पातळ, पातळ, पातळ!"

तीनदा म्हटले म्हणून त्याने तीनदा दाबली.

आतमध्ये आता आग नव्हती, स्फोट होते. ठिणगीची वाट न पाहता वायू मिळेल तिथे फुटत होता. एकेक ठोका कुणी घणाने घालावा तसा पिस्टनच्या माथ्यावर बसत होता. माथ्याला भोक पडले. वितळलेले अॅल्युमिनियम माझ्या आतल्या भिंतीला चिकटले. मला ताईला सांगायचे होते, अगं मूठ सोड, तुझ्या भावाचे ऐक. पण मला आवाज दिला होता तो नुसता गर्जायला, बोलायला नव्हे.

छोट्या उठला. आवाजाने भागेना म्हणून तो तिच्या खांद्याला हात लावायला आला. डावा हात त्याने टाकीखाली, माझ्या सांगाड्याच्या दांडीवर टेकवला आणि उजवा तिच्या खांद्याकडे नेला. त्याच क्षणी पिस्टन अडकला, त्याचा दांडा तुटला आणि माझे पोट फोडून बाहेर आला.

माझ्याच अंगाचा पेरूएवढा तुकडा छोट्याच्या हातावर बसला. मला लाज वाटते ती याची. पाठोपाठ उकळते तेल. एक पट्टा तुटून ताईच्या पाठीवर सपकन बसला, मी आडवी झाले आणि ती माझ्यासकट कोसळली. खोली धुराने भरली. मग एकदम इतकी शांतता झाली की तेल ठिबकताना ऐकू येत होते.

ताई उठली. तिने माझ्याकडे पाहिले, फुटलेल्या पोटाकडे पाहिले आणि वळून छोट्याच्या कानाखाली खाडकन ठेवून दिली. "इंजिन खाल्लंस माझं!" दुसऱ्यांदा हात उगारला आणि मग तिला दिसले. छोट्याने उजव्या हाताने डावे मनगट धरले होते. त्याच्या दोन बोटांची दिशा चुकली होती. रक्त अजून मंद फिरणाऱ्या रोलरवर पडून त्याच्याबरोबर गोल जात होते.

तो रडला नाही. तो म्हणाला, "मी तीनदा विचारलं होतं गं."

मास्तर बधिर जबडा घेऊन परत आले तोवर दोघे दवाखान्यात पोचले होते. संध्याकाळी ती दोघे त्या खोलीत आली, छोट्याचा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. मास्तरांनी फुटक्या लॅपटॉपवरची नोंद वाचली आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. "अरे, तू सगळीकडे पेट्रोल कमीच करत गेलास!"

"उलटं आणि सुलटंसुद्धा कळत नाही याला!" ताई म्हणाली.

"ती पातळ म्हणत होती," छोट्या शांतपणे म्हणाला. "सूप पातळ झालं की मी पाणी घालायचं थांबवतो. तुम्ही घालता?"

 मास्तरांनी जबडा चोळला. मग म्हणाले, "चूक माझी. चाळीस वर्षं हा शब्द वापरतोय. कमी आणि जास्त म्हणायला माझी काय जीभ झिजली असती?"

पण ताईला ठाऊक होते की चूक शब्दाची तेवढीच नव्हती. शब्द विचारून घेता येतो. विचारणाऱ्याला तिने पाना मारला होता.

छोट्याने तिला दोष दिला नाही. त्याने पिशवीत कपडे भरले, आपल्या सुऱ्या कापडात गुंडाळल्या आणि तो एका मित्राच्या खानावळीत राहायला गेला. दारात एवढेच म्हणाला, "मी येतो, ताई." कधी, ते त्याने सांगितले नाही आणि तिची विचारायची हिंमत झाली नाही.

तो गेल्यावर ताईने हातोडा घेतला. पहिला घाव माझ्या दिव्यावर. मग टाकीवर. प्रत्येक घावाला ती काहीतरी म्हणत होती. मला वाटले मला शिव्या देते आहे. नीट ऐकले तर ती स्वतःलाच नावे ठेवत होती. आठव्या घावाला हातोड्याचा दांडा मोडला आणि ती माझ्या चाकाशी बसून हमसून हमसून रडली. त्या दिवशी मला तिचा राग आला नाही. पुढे मात्र आला. कारण तिने मला कोपऱ्यात लोटले, वर ताडपत्री टाकली आणि सात महिने माझ्याकडे ढुंकून पाहिले नाही. टायर बसले, साखळीला गंज चढला, फुटक्या पोटात उंदरांनी बिऱ्हाड केले. शर्यत आली आणि गेली. भिंतीवर नवा पोचा मात्र एकही पडला नाही. भिरकावलेला पाना चुकवायला तरी कुणी असावे लागते.

एके दिवशी ताडपत्री निघाली. ताईने उंदरांना हाकलले आणि माझे इंजिन जमिनीवर उतरवले. नवा पिस्टन, नवा दांडा, नवे पोट. या वेळी गंजलेल्या नटावर तिने तेल सोडले आणि ती वाट पाहत बसली. तिला वाट पाहताना मी प्रथमच पाहत होते. नळी तिने तीच ठेवली, पण तिच्या तोंडात आवाज दाबणारा तुकडा बसवला.

आता तक्ता जुळवायला पुन्हा दोन माणसे हवी होती. तिने ओळखीतल्या चौघांना विचारले. चौघांनाही त्या दिवशी नेमके काम निघाले. शेवटी ती खानावळीत गेली. ती काय बोलली ते मला कळायला मार्ग नाही, मी शेडमध्ये होते. पण ती परतली तेव्हा छोट्या बरोबर होता. त्याची दोन बोटे आता मिटत नाहीत. ती सरळच राहतात.

मास्तरांच्या खोलीत मला पुन्हा बांधले. छोट्याने अट घातली होती की इंजिन चालू असताना कुणी बोलायचे नाही. ताई मूठ पिळे, घड्याळ बघे, इंजिन बंद करी आणि मग हळू आवाजात सांगे, "इथे पेट्रोल कमी पडतंय. वाढव."

"किती?"

"थोडंसं. तुला काय वाटतं?"

तो वरची कळ दाबी. पुन्हा चालू, पुन्हा बंद. जे काम तासाभरात व्हायचे त्याला सकाळपासून दुपार झाली. माझे पोट भरत गेले, आच उतरली, बार थांबले. मास्तर बाकावर बसून हसत होते. शेवटच्या फेरीला ताईने मूठ पार पिळली आणि मी गायले, मित्रांनो. भरल्या पोटी, मोकळ्या गळ्याने, जन्मात पहिल्यांदा.

ताईने इंजिन बंद केले. "झालं रे!" म्हणत आनंदाने तिने त्याच्या पाठीवर थाप द्यायला हात वर केला.

छोट्याने झटकन दोन्ही हात तोंडावर घेतले आणि खुर्चीसकट भिंतीला जाऊन चिकटला.

ताईचा हात तसाच हवेत राहिला. मग तिने तो हळूहळू खाली आणला.

"अरे, मी मारणार नव्हते."

"माहीत आहे गं मला," छोट्या म्हणाला. त्याचे हात अजून तोंडावरच होते. "हातांना अजून माहीत नाही."

त्याला आता दोन वर्षे झाली. छोट्या परत घरी राहतो. ताई ओरडत नाही, तिच्या हातात पाना असला की ती त्याच्याशी बोलायच्या आधी तो खाली ठेवते. तरी तिचा हात एकदम वर गेला, मग तो फळीवरचा डबा काढायला का असेना, की त्याचे हात तोंडाकडे जातात. दर वेळी ती ते बघते.

मित्रांनो, गाडीला नवी नळी बसवाल तेव्हा तिचा तक्ताही नव्याने जुळवून घ्या. तेल वेळेवर बदला, साखळी कोरडी ठेवू नका. आणि कधी राग अनावर झालाच, हात उचलल्याशिवाय राहवलेच नाही, तर खुशाल माझ्यापाशी या. माझी टाकी ठोका, दिवा फोडा. माझे सुटे भाग बाजारात मिळतात.